लाओसच्या वाटेवरचे सांधे

पावसाळ्यात आमच्या घरी सकाळच्या चहाआधी राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी पाहिली जाते. ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे आकडे कोल्हापुरात शाळकरी मुलांनाही पाठ असतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर तर ते घराघरांत दाराच्या कडीइतके ओळखीचे झाले आहेत. यंदाच्या जुलैपासून मात्र माझ्या मोबाईलवर पंचगंगेच्या आकड्याशेजारी आणखी एक आकडा येऊन बसला आहे, आणि तो म्हणजे लाओसमधील लुआंग प्राबांग येथील मेकाँग नदीची पातळी. लाओस, थायलंड, कंबोडिया आणि व्हिएतनाम या चार देशांनी १९९५ साली स्थापन केलेला मेकाँग नदी आयोग आपल्या संकेतस्थळावर ठिकठिकाणच्या पातळ्या रोज देतो. पहिल्या दिवशी सासूबाईंनी विचारले, "तिथं किती फूट आहे?" मी म्हटले, "आई, ते मीटरमध्ये सांगतात." त्यावर त्या म्हणाल्या, "मग गुणून सांग की. बँकेत काय करतेस दिवसभर?"

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी, माझे यजमान आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई असे तिघे लाओसला निघणार आहोत. कोल्हापूर ते कोल्हापूर धरून बारा दिवस हातात आहेत, कारण सहकारी बँकेत काम करणाऱ्या माणसाला सलग त्याहून अधिक रजा मागण्याचे धाडस होत नाही आणि यजमानांची शिरोलीतली फौंड्रीही त्यांना फार दिवस सोडत नाही. वाटेत थायलंडच्या उत्तरेकडून लाओसमध्ये शिरायचे, दोन दिवस मेकाँगमधून बोटीने लुआंग प्राबांगला उतरायचे, तेथून रेल्वेने राजधानी व्हिएन्तिआन गाठायची आणि रात्रीच्या गाडीने बँकॉकला परतायचे, असा बेत आहे. शहरातल्या एका टूर एजंटाकडे मी सुरुवातीला चौकशीला गेले होते. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "मॅडम, बाली करा." ते कार्यालय मी तिसऱ्या मिनिटाला सोडले, आणि पुढचे सगळे नियोजन आमच्या जेवणाच्या टेबलावर झाले.

लाओस हा समुद्रकिनारा नसलेला देश आहे. आकाराने तो महाराष्ट्राच्या सुमारे तीन चतुर्थांश आणि लोकसंख्येने पाऊण कोटीच्या आसपास, म्हणजे आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या साधारण दुप्पट. संयुक्त राष्ट्रांनी १९७१ साली अतिअल्प विकसित देशांची पहिली यादी केली तेव्हाच त्यात त्याचे नाव होते. अशा देशात जाताना आपण जे नियोजन करतो ते बहुधा चुकीच्या गोष्टींचे असते, असे माझे मत आहे, आणि ते मत मी पुस्तकातून घेतलेले नाही, तर गोरखपूरच्या रेल्वे स्थानकावर बसून पोटाला चिमटा घेत बनवलेले आहे.

ती हकिकत अशी. नोव्हेंबर २०१६ मध्ये मी आणि यजमान नेपाळला निघालो होतो. पोखऱ्यात तलावाकडे खिडकी असलेली खोली, पहाटे कोणत्या टेकडीवरून हिमशिखरे पाहायची, कोणत्या दुकानात मोमो खायचे, इतके सगळे मी वहीत लिहून ठेवले होते. ८ तारखेच्या संध्याकाळी आम्ही गोरखपूरला उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनौलीच्या नाक्यावरून पलीकडे जायचे होते. रात्री आठ वाजता लॉजच्या टीव्हीवर नोटबंदीची घोषणा झाली. आमच्या पाकिटात पाचशेच्या नोटांची गड्डी होती आणि शंभराच्या मोजून नऊ नोटा. दोन दिवस आम्ही बँकांच्या रांगा पाहिल्या, चहा आणि केळ्यांवर दिवस काढले, आणि तिसऱ्या दिवशी परत फिरलो. रेल्वेच्या खिडकीवर जुन्या नोटा अजून चालत होत्या म्हणून निदान घरी तरी पोहोचलो. ती वही अजून माझ्याकडे आहे. पोखऱ्याच्या खोलीविषयी तिच्यात दीड पान आहे आणि सीमा ओलांडण्याविषयी एकच ओळ: "सकाळी नाका पार करणे."

तेव्हापासून मी प्रवासाकडे लाकडी पलंगासारखे पाहते. पलंग मोडतो तो फळीत मोडत नाही, सांध्यात मोडतो. श्रीमंत देशात हे सांधे दुसऱ्या कोणी तरी आधीच घट्ट बसवून ठेवलेले असतात. बस चुकली तर अर्ध्या तासाने दुसरी येते, कार्ड चालले नाही तर समोरच दुसरे यंत्र असते. गरीब देशात दिवसाला एकच बोट सुटते, नाक्यापासून गाव दहा किलोमीटर असते आणि गावातले एकमेव एटीएम शनिवारी झोपलेले असते. म्हणून या वेळी मी प्रेक्षणीय स्थळांची यादी यजमानांकडे सोपवली आणि स्वतः फक्त सांधे हातात घेतले.

पहिला सांधा नाक्याचा. थायलंडमधील चिआंग खोंग आणि लाओसमधील हुआय साय ही दोन गावे मेकाँगच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. पूर्वी चिआंग खोंगच्या घाटावरून लहान होडीत बसले की काही मिनिटांत माणूस दुसऱ्या देशात उतरत असे. डिसेंबर २०१३ मध्ये चौथा मैत्री पूल सुरू झाला आणि परदेशी प्रवाशांसाठी तो मार्ग बंद झाला. पूल गावापासून बराच खाली आहे, त्यावरून चालत जाऊ देत नाहीत, दोन्ही नाक्यांच्या मध्ये वेगळी बस घ्यावी लागते, आणि लाओसच्या बाजूला उतरल्यावर धक्क्यापर्यंत पुन्हा रिक्षासारखे वाहन शोधावे लागते. थायलंडमध्ये गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात आणि लाओसमध्ये उजव्या, त्यामुळे पुलाच्या टोकाशी गाड्यांना बाजू बदलावी लागते. सासूबाईंना सर्व नियोजनात सर्वांत आवडलेला तपशील हाच आहे.

संथ बोट सकाळी उशिरा सुटते. नकाशावर पाहिले तर त्याच दिवशी सकाळी चिआंग रायहून बसने दोन-अडीच तासांत चिआंग खोंगला येऊन, पूल ओलांडून, व्हिसा घेऊन बोट पकडता येईल असे वाटते, आणि पुष्कळ तरुण मंडळी तसे करतातही. पण या साखळीत बस, पुलावरची बस, व्हिसाची खिडकी, रिक्षा आणि तिकिटाची खिडकी असे पाच सांधे एका सकाळीत येतात. त्यातला एक जरी सुटला तरी दिवस गेला. म्हणून आम्ही आदल्या दुपारीच पूल ओलांडून हुआय सायला मुक्काम करणार आहोत. त्या गावात पाहण्यासारखे फारसे नाही असे सगळे सांगतात, आणि माझ्या दृष्टीने तीच त्याची मोठी सोय आहे. तिथे आपण बोट चुकवू नये यासाठी थांबतो, त्यामुळे संध्याकाळी काठावर बसून समोरच्या थायलंडचे दिवे पाहण्याखेरीज दुसरे काही काम नाही.

व्हिसाविषयी लिहिताना जपून लिहिले पाहिजे, कारण हे नियम चतुर्थीच्या मोदकांसारखे असतात, ताजे असतानाच उपयोगाचे. भारतीय पारपत्रावर लाओसमध्ये नाक्यावर व्हिसा मिळतो. त्यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेले पारपत्र, फोटो आणि डॉलरमधले शुल्क लागते. ई-व्हिसाही आहे, पण तो ठरावीक नाक्यांवरच चालतो, म्हणून आपला नाका त्या यादीत आहे का हे अर्ज करण्यापूर्वी पाहावे. याहून अधिक दुर्लक्षित गोष्ट थायलंडची आहे. या मार्गात आपण थायलंडमध्ये एकदा नव्हे, दोनदा प्रवेश करतो: एकदा विमानाने आणि एकदा लाओसहून परतताना जमिनीवरून. एकाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तो बँकॉकच्या विमानतळावरच खर्ची पडतो. मे २०२५ पासून थायलंडने प्रत्येक परदेशी प्रवाशाला येण्याआधी तीन दिवसांच्या आत संकेतस्थळावर आगमनपत्र भरणे बंधनकारक केले आहे, आणि तेही दोन्ही वेळा वेगवेगळे भरावे लागते. दुसरे आगमनपत्र व्हिएन्तिआनमध्ये बसून भरायचे आहे, ही ओळ मी वहीत लाल शाईने लिहून ठेवली आहे.

आता बोटीविषयी, कारण हा सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे. हुआय साय ते लुआंग प्राबांग हे अंतर नदीतून सुमारे ३०० किलोमीटर आहे आणि संथ बोटीला त्यासाठी दोन दिवस लागतात. ही लांबट, अरुंद, लाकडी बोट मूळची मालवाहतुकीची. तिच्यात आता प्रवाशांसाठी बहुधा जुन्या गाड्यांमधून काढलेल्या सीट ओळीने मांडलेल्या असतात, आणि कित्येकदा त्या जमिनीला पक्क्या बसवलेल्याही नसतात. इंजिन आणि शौचालय मागे असते, म्हणून जागा पुढे धरावी, पण शौचालयाला जाताना वाट काढावी लागणार हे लक्षात ठेवावे. वाटेत ही बोट काठावरच्या खेड्यांत थांबत जाते. तांदळाची पोती, कोंबड्या, शाळेला निघालेली मुले चढतात आणि उतरतात, कारण त्यांतल्या कित्येक गावांना आजही नदी हाच रस्ता आहे. अंधारात मात्र ती चालत नाही. पात्रात खडक आहेत, भोवरे आहेत, आणि नावाडी पाण्याचा रंग व सुरकुती पाहून वाट काढतो. म्हणून पहिल्या संध्याकाळी पाकबेंग नावाच्या उतारावरच्या गावात सगळ्यांना उतरवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुढे नेतात.

हाच मार्ग सहा तासांत कापणारी वेगवान होडीही आहे. तिच्यात हेल्मेट आणि जीवरक्षक जॅकेट घालून, गुडघे छातीशी घेऊन बसायचे असते. तिच्या अपघातांच्या बातम्या वाचल्यावर यजमानांनीही तो विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या टोकाला खाजगी आरामदायी बोटी आहेत, ज्यांत जेवण, मार्गदर्शक आणि पाकबेंगमधले चांगले हॉटेल यांचे पैसे एकत्र घेतात. सासूबाईंचे वय पाहता मी त्याच बोटीचा विचार चालवला होता आणि भाव काढून ठेवला होता. पण त्या ऐकेनात. त्यांचे माहेर कुरुंदवाडचे. लहानपणी कृष्णेतून नावेने नरसोबाच्या वाडीला जाण्याची त्यांना सवय. त्या म्हणाल्या, "नावेत बसायचं तर माणसांत बसावं. टेबलावर फुलदाणी ठेवून नदी कशाला बघायची?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हा साधीच बोट ठरली. फक्त दोन फोमच्या उशा घरून न्यायच्या की धक्क्यावर विकत घ्यायच्या यावर अजून एकमत व्हायचे आहे. धक्क्यावर त्या विकायला असतात, आणि ज्याअर्थी असतात त्याअर्थी त्यांची गरज नक्कीच पडते.

महिना निवडताना पाण्याचा विचार आधी केला. मे ते ऑक्टोबर तिकडेही पावसाळा असतो, नदी गढूळ आणि वेगवान असते. फेब्रुवारीनंतर शेतीसाठी डोंगरउतार जाळतात, त्यामुळे मार्चमध्ये धूर इतका दाटतो की समोरचा काठही धड दिसत नाही, आणि पाणीही उतरलेले असते. नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ बरा. मात्र या दिवसांत सकाळी नदीवर धुके असते आणि उघड्या बोटीत चांगलीच थंडी वाजते. उष्ण कटिबंधातला देश म्हणून सुती कपडे भरून नेणारी मंडळी पहिल्या दोन तासांत कुडकुडतात, असे प्रत्येक अनुभवी माणूस सांगतो. सासूबाईंनी कपाटातले जुने कांबळे उन्हात टाकूनही ठेवले आहे.

यंदाच जाण्याचा आग्रह धरण्यामागे आणखी एक कारण आहे. लुआंग प्राबांगच्या खालच्या बाजूला सायाबुरी येथे १,२८५ मेगावॉटचे धरण २०१९ पासून वीज निर्माण करत आहे. तिच्यातली बहुतेक वीज थायलंडला जाते. शहराच्या वरच्या बाजूला १,४६० मेगावॉटचे दुसरे धरण बांधले जात आहे, आणि पाकबेंगच्या धरणाचाही प्रस्ताव आहे. म्हणजे आम्ही ज्या पाण्यावरून जाणार त्याची वाहती नदी राहते की एकामागोमाग एक तलाव होतात, हा प्रश्न तिथे आज उभा आहे. दर पावसाळ्यात अलमट्टीच्या फुगवट्यावर वाद घालणाऱ्या कोल्हापूरकराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. खालच्या धरणाचे पाणी वर कुठवर येते, कोणाच्या काठावर कोणाची वीज तयार होते, आणि मासेमाराने दाद कोणाकडे मागायची, ही भाषा आपल्या ओळखीची आहे.

पैशाचा सांधा मी सर्वांत आधी बसवला, आणि त्याचे कारण वर सांगितलेच आहे. लाओसचे चलन किप. २०२१ च्या सुरुवातीला डॉलरला साडेनऊ हजारांच्या आत असलेला किप दोन-तीन वर्षांत वीस हजारांपलीकडे घसरला. आज रुपयाला साधारण अडीचशे किप धरून आम्ही हिशेब करतो. देशाबाहेर किप कोणी घेत नाही, त्यामुळे तो तिथेच मिळवायचा आणि तिथेच संपवायचा. हुआय साय, लुआंग प्राबांग आणि व्हिएन्तिआन येथे एटीएमची सोय आहे, पण पाकबेंगच्या भरवशावर मुळीच राहू नये. बोटीत बसतानाच दोन दिवस पुरेल इतका किप खिशात असला पाहिजे. डॉलर न्यायचे ते कोरे. घडीची रेघ, शाईचा ठिपका किंवा कोपऱ्याला बारीकशी चीर असलेली नोट नाक्यावर नाकारतात. गेल्या आठवड्यात परकीय चलनाच्या काउंटरवर मी वीस-वीसच्या नोटा एकेक करून उजेडात धरून पाहिल्या आणि त्यांतल्या चार परत केल्या. पलीकडच्या मुलाने कपाळाला आठ्या घातल्या. पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या फाटक्या नोटा नाकारल्यानंतर एवढा हक्क मला असावा. त्या नोटा सध्या ज्ञानेश्वरीच्या पानांमध्ये सपाट पडून आहेत.

प्रकृतीविषयी थोडक्यात. लाओसमध्ये वैद्यकीय सोयी तुटपुंज्या आहेत. गंभीर प्रसंगी तेथील सुस्थितीतले लोकही नदी ओलांडून थायलंडच्या रुग्णालयात जातात. म्हणून विमा घेताना रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च त्यात आहे ना, हे मी पानावर बोट ठेवून वाचले. सत्तरीपुढच्या माणसासाठी हप्ता झोंबतो, पण तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही. रक्तदाबाच्या गोळ्या दोन पिशव्यांत विभागून, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह ठेवल्या आहेत. विषमज्वराची आणि कावीळ-अ ची लस फॅमिली डॉक्टरांना विचारून घेतली. फुकट मिळणाऱ्या दारूपासून दूर राहावे, हे सांगण्याची आमच्या घरात गरज नाही. तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये वांग व्हिएंग येथे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले होते, हे यजमानांना एकदा वाचून दाखवले.

जेवणाचा प्रश्न मला वाटला होता त्याहून सोपा निघाला. सासूबाई माळकरी आहेत. लाओसच्या स्वयंपाकात पादेक नावाचे आंबवलेल्या माशांचे पाणी जवळपास सगळीकडे असते, अगदी कच्च्या पपईच्या कोशिंबिरीतसुद्धा, आणि वरून पाहून ते ओळखू येत नाही. "बो साय सीन" म्हणजे मांस घालू नका आणि "बो साय पादेक" म्हणजे पादेक घालू नका, ही दोन वाक्ये आम्ही पाठ केली आहेत, आणि लाओ लिपीत लिहिलेला कागदही सोबत ठेवणार आहोत. बाकी चिकट भात हे तिथले मुख्य अन्न. तो बांबूच्या झाकणाच्या लहान टोपलीत देतात आणि हाताने गोळा करून खातात. आजऱ्याच्या घनसाळवर वाढलेल्या माणसाला दुसरा भात पसंत पडणे कठीण, पण हाताने खायचा आहे हे ऐकून सासूबाईंचे अर्धे मन वळले. "एकादशीला काय?" हा त्यांचा पुढचा प्रश्न होता. केळी, पपई, रताळी आणि शेंगदाणे तिथे विपुल आहेत, असे सांगितल्यावर तोही मिटला.

लुआंग प्राबांगमध्ये आमचे दोन पूर्ण दिवस आहेत. मेकाँग आणि नाम खान यांच्या संगमावरचे हे जुने राजधानीचे शहर १९९५ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. पहाटे तिथे भिक्षू रांगेने भिक्षेला निघतात आणि लोक रस्त्याच्या कडेला बसून त्यांच्या पात्रांत चिकट भात घालतात. पर्यटकांनी अंतर राखावे, खांदे झाकलेले असावेत, फ्लॅश मारू नये, असे तिथे सांगितले जाते, कारण पूर्वी त्याचा तमाशा झाला होता. मी हे वाचून दाखवत असताना सासूबाई म्हणाल्या, "दत्तमहाराज काशीला आंघोळ करतात, भिक्षेला कोल्हापुरात येतात आणि झोपायला माहूरला जातात. भिक्षेच्या वेळी कसं उभं राहायचं ते मला नको सांगूस." मग त्यांनी विचारले की भात आपण घरून शिजवून न्यायचा की तिथे मिळतो.

पुढचा टप्पा रेल्वेचा. डिसेंबर २०२१ मध्ये चीनच्या कुनमिंगपासून व्हिएन्तिआनपर्यंतची १,०३५ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली. लुआंग प्राबांगहून व्हिएन्तिआनला जायला डोंगरातल्या रस्त्याने दिवस मोडत असे. आता सुमारे दोन तास लागतात. बोगद्यामागून बोगदे आणि पुलामागून पूल असा हा मार्ग आहे, आणि त्यासाठी काढलेल्या चिनी कर्जाचे ओझे त्या लहान देशाला जड जात आहे. कोल्हापूर–वैभववाडी रेल्वेची वर्षानुवर्षे वाट पाहणाऱ्या माझ्यासारखीला या गाडीचा हेवा वाटला, हे कबूल करते. इथला सांधा असा की स्थानके शहराबाहेर लांब आहेत, आत शिरताना पारपत्र आणि सामान विमानतळासारखे तपासतात, आणि सुरीसारखी धारदार वस्तू किंवा फवाऱ्याचा डबा काढून घेतात. हे वाचल्यावर मी सासूबाईंच्या अडकित्त्याकडे पाहिले. पितळी, दोन मोर असलेला, त्यांच्या आईचा. विमानात तो मोठ्या बॅगेतून जाईल, पण या गाडीत सगळेच सामान यंत्राखालून जाते. बरीच समजूत घातल्यावर तो घरीच ठेवायचे ठरले, आणि गेले चार दिवस दुपारी आमच्या घरात सुपारी कातरण्याचा आवाज येत आहे; बारा दिवसांची बेगमी एका डब्यात चालली आहे. लाओसमध्येही जुन्या बायका पान-सुपारी खातात, हे मी त्यांना अजून सांगितलेले नाही. सांगितले तर डबा दुप्पट होईल.

व्हिएन्तिआनहून थेट बँकॉकला रात्रीची गाडी जुलै २०२४ पासून सुरू झाली आहे, त्यामुळे १९९४ सालच्या पहिल्या मैत्री पुलावरून मेकाँगचा निरोप आम्ही रेल्वेतून घेऊ. नोंग खायला उतरून थायलंडचा शिक्का घ्यायचा आणि पुन्हा गाडीत चढायचे. लाल शाईतले ते आगमनपत्र इथे लागेल.

उरला तो आठव्या दिवसाचा वाद. लुआंग प्राबांगचे दोन दिवस आणि व्हिएन्तिआनची गाडी यांच्यामध्ये मी एक दिवस मुद्दाम कोरा ठेवला आहे. बोट एक दिवस उशिरा निघाली, कोणाचे पोट बिघडले, गाडीची तिकिटे संपली, तर त्या दिवसाने झीज भरून काढावी, एवढाच त्याचा उपयोग. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या चौकोनात मी काहीही लिहिलेले नाही. यजमानांना हे पटत नाही. त्यांना लाओसमधल्याच फोन्सावानला जायचे आहे. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यांतून विखुरलेल्या छोट्या बॉम्बगोळ्यांपैकी कोट्यवधी फुटल्याच नाहीत आणि आजही शेतात सापडतात, म्हणून त्या भागात मळलेली वाट सोडून पाऊल टाकायचे नसते. फोन्सावानजवळच्या बान नापिया या गावात लोक युद्धातले ॲल्युमिनियमचे भंगार वितळवून लाकूड आणि राखेच्या साच्यांत चमचे ओततात. तीस वर्षे ओतकामात घालवलेल्या माणसाला हे कळल्यापासून झोप नाही. राख साच्यात कशी टिकते, भट्टीला हवा कशाने देतात, ओतलेला चमचा किती वेळात सोडवतात, असे प्रश्न ते मला रात्री अकरा वाजता विचारतात.

मी त्यांना सांगितले की लुआंग प्राबांगहून फोन्सावान म्हणजे वळणाच्या रस्त्याने जाण्यातच एक दिवस आणि येण्यात दुसरा. आईंना ते झेपणार नाही आणि कोऱ्या दिवसात ते बसतही नाही. त्याच चमच्यांची विक्री लुआंग प्राबांगच्या रात्रबाजारात होते, तिथे हवे तितके घ्या. व्हिएन्तिआनमध्ये स्फोटकांनी हातपाय गमावलेल्यांना कृत्रिम अवयव बसवून देणाऱ्या कोप या संस्थेचे दालन आहे, ते मी आधीच बेतात घेतले आहे. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अगं, चमचा नको आहे मला. ओतताना बघायचं आहे."

काल सकाळी पंचगंगा ३१ फुटांवर होती आणि उतरत होती. दिनदर्शिकेचे डिसेंबरचे पान उलटून पाहिले, तर माझ्या कोऱ्या चौकोनात पेन्सिलीने, अगदी बारीक अक्षरात, "बान नापिया?" असे लिहिलेले होते. खोडरबर समोरच होते. सासूबाई सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, "राहू दे. मला दोन दिवस त्या गावात ठेवा नि तुम्ही जाऊन या. भिक्षेला भात घालायचा आहे मला, तो एका दिवसात होतोय का?" मी वही उघडून बसले आहे आणि लुआंग प्राबांगच्या आसपासचे सांधे नव्याने मोजते आहे, परतीच्या विमानाची तारीख दोन दिवसांनी पुढे नेण्याचा दंड किती पडतो, हे आज बँकेतून आल्यावर पाहायचे आहे.